स्वर्गाची इच्छा, उत्कंठा की ओढ?

मिरजेहून प्रश्न :
रविवारी घरच्या प्रार्थनेत बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचला. येथून सुटून ख्रिस्ताजवळ जाण्याची पत्र लिहिणाऱ्या पौलाला ‘उत्कंठा’ आहे. वाचून झालं आणि ऐंशी पार केलेली माझी आत्या म्हणाली, “मला प्रभू पायजे रे, पण स्वर्गात जायचं म्हटलं की पोटात खड्डा पडतो. तिथं माझं कोण हाय?” जन्मभर उपासना न चुकवलेली बाई. आजारपणात आम्ही सगळे ‘बरं कर प्रभू’ एवढंच मागतो. ‘ने आता’ कोणी म्हणत नाही. विश्वास कमी पडतो, की शब्द?

साताऱ्याहून :
माझ्या मते शब्दाचा दोष मोठा आहे. ‘स्वर्ग’ म्हटलं की मराठी माणसाला इंद्राचा दरबार आणि अप्सरा दिसतात; पुण्य सरलं की तिथून खाली यायचं. त्यात ‘आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही’ ही म्हण. अशा जागेची ओढ का लागावी? हिब्रूत ‘शामाइम’ हा एकच शब्द आभाळालाही आहे आणि देवाच्या वसतीलाही. मराठी बायबलात त्याचे दोन झाले : उत्पत्तीत ‘आकाश’, प्रभूच्या प्रार्थनेत ‘स्वर्गातील पित्या’. रोज डोक्यावर दिसणारं आभाळ त्या शब्दातून निघून गेलं.

‘उत्कंठा’ मात्र नीट बघा. मूळ ग्रीक ‘एपिथुमिया’. हाच शब्द इतरत्र बहुतेक ठिकाणी ‘वासना’ म्हणून येतो! म्हणजे पौलाची इच्छा सोवळी, मोजूनमापून केलेली नाही, भुकेसारखी आहे. आणि ती जागेची नाही, ‘ख्रिस्ताजवळ’ असण्याची आहे. तरीही तो पेचात आहे, कारण इथल्या माणसांना त्याची गरज आहे. आत्याबाईंच्या पोटातला खड्डा त्या पेचापासून फार लांब नाही.

सांगलीहून :
मी ‘ओढ’ म्हणेन. २०१९च्या पुरात कृष्णेच्या काठी जो तो सांगत होता, “पाण्याला ओढ हाय, उतरू नका.” ओढ आपण आणत नाही, ती समोरून लागते. इब्री लोकांस पत्रात स्वर्गीय देशाबद्दल जे ग्रीक क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ हात लांबवणं. आत्याबाईंना ‘माहेर’ म्हणून सांगा. पंचमीला माहेरी निघालेल्या बाईला इच्छा कर म्हणून सांगावं लागत नाही.

साताऱ्याहून :
माहेर गोड आहे खरं. इथं साताऱ्यात १९१७ साली ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडणाऱ्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भजनं वारकऱ्यांच्या बोलीत लिहिली, ती उगीच नाही. पण माहेरवाशीण चार दिवसांनी परत सासरी येते. इथं परतणं नाही. शिवाय बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात आपण वर जातच नाही. नवं यरुशलेम नवरीसारखं नटून खाली उतरतं, पृथ्वी नवी होते, आणि देव माणसांत राहायला येतो. हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं, याचं मला वाईट वाटतं. ढगांवरचं न संपणारं गाणंच डोळ्यांपुढे राहिलं, तर माणूस शेताकडं, नातवंडांकडं वळून बघणारच.

मिरजेहून :
काल रात्री आत्याला २१ आणि २२ हे दोन्ही अध्याय वाचून दाखवले. डोळ्यांतलं पाणी देव स्वतः पुसेल, तिथं थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग जीवनाच्या पाण्याची नदी आली. आत्याचं माहेर कृष्णाकाठचं. ती उठून बसली. “नदी हाय व्हय तिथं? मग आधी का नाही सांगितलं कुणी?”