पिएर बूलेझ ऐकायला कुठून सुरुवात करावी?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. माझं ऐकणं मुख्यतः हिंदुस्थानी शास्त्रीय, त्यातही बासरी. देब्यूसी आणि राव्हेल हे फ्रेंच रचनाकार हळूहळू आवडायला लागले आणि त्यांच्यामागून पिएर बूलेझ हे नाव सारखं समोर येऊ लागलं. ज्या ध्वनिमुद्रणात एकेक वाद्य सुटं, स्वच्छ ऐकू येतं, त्यातल्या वाद्यवृंदाचा संचालक बहुतेक वेळा हाच निघतो. तो स्वतः मोठा रचनाकार होता हे नंतर कळलं, म्हणून त्याची दुसरी पियानो सोनाटा लावली. त्यात कान कुठे टेकवावा तेच समजेना. सा सापडत नाही, सम सापडत नाही, आणि तरी वाजवणारा काहीतरी अत्यंत नेमकं वाजवतोय हे जाणवत राहतं. कुठल्या क्रमाने ऐकू? आयुष्याबद्दलही थोडं सांगा.

राइनकाठ
सोनाटा सध्या बाजूला ठेवा. बूलेझने ती तेविशीच्या आत लिहिली, आणि सोनाटा हा साचाच मोडून काढायचा या ईर्ष्येने लिहिली. पाश्चात्त्य संगीतात मुरलेल्यांनाही ती दमवते.

'देरीव्ह १' (१९८४) पासून सुरू करा. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, व्हायब्राफोन, पियानो अशी सहाच वाद्यं आणि दहा मिनिटांच्या आत संपणारी रचना. पाउल साखर हे बासेलचे संचालक आणि नव्या संगीताचे मोठे आश्रयदाते. त्यांच्या आडनावाच्या अक्षरांवरून जर्मन-फ्रेंच स्वरनामांनुसार सहा स्वर निघतात, आणि रचनेतल्या सगळ्या स्वरसंहती (एकत्र वाजणारे स्वर) त्या सहांतून येतात. पाश्चात्त्य 'सी'ला षड्ज मानलंत तर ते सा, रे, कोमल ग, शुद्ध ग, शुद्ध ध आणि शुद्ध नी. यात राग शोधू नका, चलन नाही, न्यास नाही. पण स्वरांचा साठा ठरलेला आहे, आणि दोन-तीनदा ऐकल्यावर कान त्याला ओळखायला लागतो. सुरुवातीला एक स्वरसंहती झुलत राहते, तिच्याभोवती कंपनं जमत जातात. घाई नाही.

ते रुचलं तर 'रितुएल' (१९७५). मित्र, इटालियन रचनाकार ब्रुनो मादेर्ना १९७३ साली गेला, त्याच्या स्मरणार्थ. वाद्यवृंद आठ गटांत विभागून मंचावर दूरदूर बसवलेला, आणि गटांसोबत तालवादक. काही भागांत प्रत्येक गट आपापल्या ठोक्यावर चालतो, मग संचालक सगळ्यांना पुन्हा एका संथ, जड स्वरसंहतीवर आणतो. घंटा आणि थाळ्यांचा नाद त्यात अखंड आहे. बूलेझला कोरडा, गणिती म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवतो.

पडघम
माझा क्रम वेगळा आहे. आधी संचालक बूलेझ पूर्ण ऐका, मग रचनाकार. स्त्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग', क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबरचं १९६९ चं ध्वनिमुद्रण. तो छडी वापरत नसे, नुसत्या हातांनी संचालन करायचा. चित्रफिती मुद्दाम बघा. हालचाल अगदी थोडी, पण प्रत्येक वादकाला आपली जागा कळते.

दुसरं, वाग्नरच्या 'रिंग' या चार ऑपेरांच्या मालिकेचं बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवातलं शताब्दी वर्षाचं, १९७६ चं सादरीकरण. दिग्दर्शक पात्रिस शेरो. त्याने देव आणि राक्षस औद्योगिक युगात आणून उभे केले, म्हणून पहिल्या वर्षी प्रेक्षागृहात प्रचंड आरडाओरडा झाला. १९८० च्या शेवटच्या प्रयोगानंतर त्याच सभागृहात तासाहून जास्त टाळ्या पडल्या. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे.

आपल्याकडचा एक धागाही सांगतो. १९७१ ते ७७ बूलेझ न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा संगीत संचालक होता आणि त्याच्यानंतर १९७८ मध्ये तिथे आले मुंबईचे झुबिन मेहता. तिथे १९७३ साली बूलेझने 'रग कॉन्सर्ट' सुरू केल्या. सभागृहातल्या खुर्च्या काढून लोकांना गालिच्यांवर बसवायचं, अगदी बैठकीसारखं. नवं संगीत अंतरावरून कळत नाही, जवळ बसायला हवं, हा त्यामागचा विचार मला फार पटतो.

अनाहत
'ल मार्तो सां मेत्र' (१९५५) कोणीच कसं सुचवलं नाही? फ्रेंच कवी रने शारच्या कवितांवर नऊ भाग. खालच्या पट्टीतला स्त्री आवाज, आल्टो बासरी, व्हायोला, गिटार, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), झायलोरिंबा (लाकडी पट्ट्यांचं) आणि तालवाद्यं. खर्जातलं वाद्यच नाही, त्यामुळे सगळा नाद मधल्या सप्तकांत तरंगतो. झायलोरिंबामागे आफ्रिकेचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य बालाफोन, व्हायब्राफोनमागे बालीचा घंटा-थाळ्यांचा वाद्यमेळ गमेलान, गिटारमागे जपानी तंतुवाद्य कोतो, हे बूलेझने स्वतः सांगितलंय. बासरीवर जीव असेल तर तिसरा भाग ऐका, फक्त आवाज आणि आल्टो बासरी.

आयुष्याबद्दल: जन्म २६ मार्च १९२५, फ्रान्समधलं मोंब्रिझों. वडील अभियंता, मुलानेही त्याच वाटेने जावं ही इच्छा. लिऑनला गणिताचा वर्ग करून तो १९४३ मध्ये पॅरिसला आला आणि तिथे ऑलिव्हिए मेसियाँ या रचनाकाराचा विद्यार्थी झाला. हे गुरुजी तालाचे वेडे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'तले १२० देशी ताल मेसियाँनी अभ्यासले आणि आपल्या रचनांत उघडपणे वापरले. बूलेझने देशी ताल उचलले असं मी म्हणत नाही. पण ताल हा स्वराइतकाच स्वतंत्रपणे रचायचा असतो, ही दृष्टी त्याच्या घडणीत या गुरूकडून आली. दौलताबादचा किल्ला चढताना मला हे दरवेळी आठवतं.

राइनकाठ
अनाहत, मार्तो थोर आहे, पण नवख्या कानाला तिथला गायिकेचा झेप घेणारा आवाज अडतो. माझ्या मते ती चौथी पायरी. त्याआधी 'नोतास्यों'. १९४५ चे बारा छोटे पियानो तुकडे, प्रत्येक बारा मात्राखंडांचा (बार). तीसेक वर्षांनी त्याने त्यांतले काही प्रचंड वाद्यवृंदासाठी पुन्हा लिहायला घेतले. दुसरा तुकडा आधी पियानोवर, लगेच वाद्यवृंदावर ऐका. बीज आणि विस्तार आपल्याला ओळखीचे आहेत, इथे ते स्पष्ट दिसतात.

'रेपों' मात्र घरी ऐकून निर्णय देऊ नका. वाद्यमेळ मध्ये, श्रोते त्याच्याभोवती, श्रोत्यांच्या भोवती सहा एकल वादक, आणि त्यांचा नाद संगणकातून बदलून ध्वनिक्षेपकांमधून फिरणारा. अशा कामासाठीच पॅरिसची इर्काम ही संगीत-संशोधन संस्था त्याने उभी केली. दोन स्पीकरमध्ये यातला फार थोडा भाग उरतो. युरोपात असलेल्यांनी बर्लिनच्या 'पिएर बूलेझ साल' या सभागृहाचे कार्यक्रम बघत राहावं.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे आभार. 'देरीव्ह १' ऐकलं. सोनाटापेक्षा किती वेगळा माणूस आहे हा! मधे गती वाढते तिथे मी हरवलो, पण शेवटाकडे सगळं पुन्हा निवतं ते फार आवडलं. 'रितुएल' आणि 'रिंग' यादीत घेतलेत. बासरी पुढे असलेलं, छोटंसं आणखी काही?

अनाहत
'मेमोरियाल' (१९८५). एक बासरी आणि भोवती आठ वाद्यं: दोन हॉर्न, तीन व्हायोलिन, दोन व्हायोला, एक चेलो. लॉरेन्स बोरगार्ड या बासरीवादकाच्या स्मृतीसाठी लिहिलंय. बासरी कुठे थांबते आणि बाकीचे तिचा स्वर कसा धरून ठेवतात, तेवढ्याकडे लक्ष ठेवा. ऐकून इथे लिहा, मग 'स्यूर आंसीझ'बद्दल बोलू. तीन पियानो, तीन हार्प, तीन तालवादक. त्यासाठी पाऊण तास मोकळा हवा.