मदत हवी आहे: दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बेसबॉल कार्डांचा कोणता सेट जमवायला घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी जर्सी सिटीत राहतो. बेसबॉल घरात आला तो पोरामुळे, पण आता पोरापेक्षा मलाच जास्त चढलाय. नव्या चकचकीत कार्डांत मन रमत नाही. महायुद्धाआधीचा एखादा सेट जमवायचा आहे, तोही गुंतवणूक म्हणून नाही, पूर्ण करायचा म्हणून. महिन्याला दीडशे डॉलर, फार तर पावणेदोनशे, यापुढे जायचं नाही असा घरात तह झालाय. कोपरे झिजलेले, एखादी घडी पडलेली असली तरी चालेल. चेहरा नीट दिसला पाहिजे आणि कार्ड अस्सल हवं.

जीव जडलाय तो टी-२०६ या सेटवर. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली ही कार्डं. रुंदी दीड इंचालाही किंचित कमी, उंची अडीच इंचाच्या थोडी वर. एका प्रदर्शनात विक्रेत्याने एक माझ्या तळहातावर ठेवलं. पांढऱ्या किनारीवर खाली तपकिरी शाईत आडनाव आणि गाव, मागे पिडमाँट सिगारेटची निळी जाहिरात. शंभरहून जास्त वर्षांचा कागद, पण चेहऱ्यावरचा रंग कालपरवा लावल्यासारखा. तिथेच अडकलो.

अडचण संख्येची आहे. एकूण ५२४ कार्डं! त्यातली चार महादुर्मीळ: होनस वॅगनर, एडी प्लँक, आडनावाचं स्पेलिंग चुकलेला शेरी मॅगी आणि भलत्याच न्यूयॉर्क संघात छापला गेलेला जो डॉयल. ही चार मी 'सोडून दिली' (वॅगनरचं एक कार्ड २०२२ साली ७२.५ लाख डॉलरला गेलं, तेव्हा सोडून दिली म्हणणं ही फुशारकीच). तरी ५२० उरतात. महिन्याला दोन धरली तर एकवीस वर्षांवर जातं. शिवाय त्या काळचा दिग्गज टाय कॉब, त्याची चार कार्डं आहेत, आणि त्यातलं प्रत्येक, कितीही फाटकं असलं तरी, माझ्या कित्येक महिन्यांच्या बजेटच्या बाहेर.

दुसरा पर्याय गाऊडी कंपनीचा १९३३चा सेट. बबलगमबरोबर आलेली २४० कार्डं, ठसठशीत रंग. पण त्यात बेब रूथ चार वेळा आणि लू गेरिग दोन वेळा आहे, दोघेही कॉबसारखेच दिग्गज आणि महाग, म्हणजे गणित पुन्हा तिथेच. आणि कंपनीचा चावटपणा बघा: १०६ नंबरचं कार्ड त्या वर्षी पाकिटांत घातलंच नाही. पोरं गम विकत घेत राहिली, नंबर काही सापडेना. तक्रारीची पत्रं गेल्यावर १९३४ साली नॅप लाजवेचं कार्ड छापून टपालाने पाठवलं. त्यामुळे आज बरेच जण २३९ झाली की सेट पूर्ण झाला म्हणून हात झटकतात.

क्रॅकर जॅक या खाऊबरोबर आलेला सेट (१९१४-१५) पाहिला आणि किमती बघून गुपचूप खाली ठेवला.

तर प्रश्न असे. या बजेटमध्ये सात-आठ वर्षांत खरोखर पूर्ण होईल असं काय आहे? आणि टी-२०६चा नाद सोडावा का?

प्रतिसाद १
शीर्षक सोडून आधी मजकूर वाचला. टी-२०६ म्हणजे टी-२०त कुणी २०६ कुटल्या की काय, असं वाटलं. माहिती मस्त, चालू द्या.

प्रतिसाद २
एवढ्या पैशांत दर महिन्याला थोडं थोडं सोनं घ्या हो. कार्डाला उद्या वाळवी लागली तर?

धागाकर्ता
सोन्याचं खातं सौभाग्यवतींकडे आहे, ते व्यवस्थित चालू आहे. :) सेटबद्दल कुणीतरी बोला.

प्रतिसाद ३
मी बोलतो. शिकागोजवळ असतो, या रोगात जुना आहे.

टी-२०६ सोडू नका, पण सगळा सेट करायचा हट्ट सोडा. हा सेट पुरा करणारे थोडे, त्याचे तुकडे जमवणारे फार. कुणी एकाच संघाचा करतो, कुणी फक्त पोर्ट्रेट घेतो, कुणी मागच्या जाहिरातींच्या मागे लागतो. पिडमाँट आणि स्वीट कॅपोरल ढिगाने मिळतात, पण मागे ड्रम किंवा उझिट अशा दुर्मीळ सिगारेटची जाहिरात आली की साध्या खेळाडूचाही भाव कुठल्या कुठे जातो. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

तुम्ही जर्सी सिटीत राहता हे वाचून आश्चर्य वाटलं, कारण उत्तर तुमच्या पत्त्यातच आहे. ५२४ पैकी १३४ कार्डं मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, खेळाडूंची आहेत, आणि त्यात ईस्टर्न लीगमधल्या जर्सी सिटी आणि नेवार्क या दोन्ही संघांचे खेळाडू आहेत. कार्डावर खाली चक्क तुमच्या गावाचं नाव! मायनर लीगवाले बहुतेक अनोळखी, त्यामुळे साध्या अवस्थेत ते परवडतात. नेवार्कमध्ये तर जो मॅगिनिटी आहे, हॉल ऑफ फेममधला. न्यूयॉर्क जायंट्सकडून १९०४च्या एका मोसमात पिचर म्हणून त्याने ३५ सामने जिंकले होते, आणि नंतर नेवार्कचा संघच चालवायला घेतला. त्याला थोडे जास्त मोजावे लागतील. फक्त दक्षिणेतल्या लीगची जी ४८ कार्डं आहेत तिकडे वळू नका, ती कमी मिळतात आणि महाग पडतात.

हे दोन संघ लवकर उरकतील. मग खरा सेट घ्या: टी-२०१, मेक्का डबल फोल्डर, १९११. फक्त ५० कार्डं, पण खेळाडू १००. कार्ड उघडं असताना एक खेळाडू पूर्ण दिसतो. वरचा भाग खाली दुमडला की त्याच पायांवर दुसऱ्या खेळाडूचं धड येऊन बसतं! मॅथ्युसन आणि ब्रिडवेल एकाच पायांवर उभे. पोराला दाखवा, तोही मोबाइल खाली ठेवेल. कॉब आणि क्रॉफर्डचं कार्ड महाग, ते शेवटी घ्या. बाकीची तुमच्या तहात बसतात. मधली घडी कारखान्यातलीच असते, तो दोष नव्हे. मात्र त्या घडीवर फाटून मागून टेप लावलेलं कार्ड घेऊ नका.

प्रतिसाद ४
टी-२०१ला अनुमोदन, पण माझं मत डायमंड स्टार्सला. नॅशनल चिकल कंपनीची १९३४ ते ३६ची १०८ कार्डं. खेळाडूच्या मागे गडद रंगांतली मैदानं, शहरं, धुराडी. असं देखणं काम त्या काळात दुसरीकडे नाही. रूथ नाही, गेरिग नाही, डिमॅजिओ नाही, म्हणून खिशाला झेपतो. आणि तरी फॉक्स, ऑट, ग्रोव्ह, ग्रीनबर्ग आहेतच. शेवटची बारा (९७ ते १०८) मात्र दमवतात. जुनेच खेळाडू पुन्हा छापलेत आणि भाव जास्त. दिसली की घेऊन टाका, शेवटावर ढकलू नका.

प्रतिसाद ५
अस्सलपणाबद्दल कुणी लिहिलं नाही. टी-२०६च्या नकला बाजारात पोत्याने आहेत. भिंगाखाली नावाची अक्षरं बघा. अस्सल कार्डावर शाई भरीव दिसते, नकलेत बहुधा अक्षरंही ठिपक्यांची बनलेली असतात. अतिनील (यूव्ही) दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो आजचा कागद. कडा कापून कोपरे टोकदार केलेली कार्डंही फिरतात. झिजलेल्या कार्डाच्या एकाच बाजूला धारदार कड दिसली की संशय घ्या. सुरुवातीला पीएसए किंवा एसजीसी या कार्डं तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्यांच्या प्लास्टिकमध्ये बंद असलेलंच घ्या, आणि त्यावरचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटो ताडून बघा, कारण डब्याही नकली निघतात. दहापैकी १ किंवा २ ग्रेड तुम्हाला पुरे.

धागाकर्ता
जर्सी सिटीचं नाव कार्डांवर आहे हे मला माहीतच नव्हतं! ठरलं तर मग, आधी जर्सी सिटी, मग नेवार्क, मग टी-२०१. डायमंड स्टार्सची ती बारा शोधयादीत टाकून ठेवतो, स्वस्तात दिसली तर बघू.

एकच शंका राहिली. एकच खेळाडू, एकच ग्रेड, एकाच्या मागे पिडमाँट, दुसऱ्याच्या मागे ओल्ड मिल, दुसरं वीस डॉलरने महाग. कुठलं घेऊ?

प्रतिसाद ३
पिडमाँट. आणि ते वीस डॉलर मॅगिनिटीसाठी बाजूला ठेवा.