पहिली युद्धनौका: लांबीआधी वजन बघा

तलावात रिमोटने चालवून एकमेकींवर तोफा डागत बुडवायच्या युद्धनौका-मॉडेलांबद्दल हे आहे. नवख्यांसाठी भाऊंनी सुचवलंय की पहिलं मॉडेल विनाशिकेचं (डिस्ट्रॉयर, म्हणजे छोटी, अरुंद युद्धनौका) करा, खर्च कमी येतो. 'बिस्मार्क' ही प्रचंड जर्मन युद्धनौका नको, हे त्यांचं म्हणणं पटतं. १:१४४ ला, म्हणजे मूळच्या १४४ पट लहान केली तरी, ती पावणेदोन मीटर होते, एसटीत न्यायची कशी? पण विनाशिका नवख्यासाठी त्याहून अवघड. लांबी १४४ पट कमी केली की वजन १४४ च्या घनाइतक्या पटीने उतरतं. अमेरिकेच्या फ्लेचर वर्गाची २,५०० टनी विनाशिका मॉडेलमध्ये जेमतेम ८४० ग्रॅम भरते, रुंदी आठ सेंटिमीटर. त्यात बॅटरी, सर्व्हो (सुकाणू वगैरे हलवणारी छोटी मोटार), पाणी उपसायचा पंप आणि तोफेची गॅसची टाकी बसवून ती सरळ तरंगायला हवी! त्यापेक्षा 'फॉन डेर टान' ही मोठी जर्मन युद्धनौका घ्या. मॉडेल होतं १.२ मीटर लांब, साडेअठरा सेंटिमीटर रुंद, वजन साडेसहा किलोच्या आसपास. आत हात जातो, दुरुस्ती जमते.

आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचं कोणी बोललंच नाही. शिंगाड्याचे वेल पंख्याच्या दांड्याला असे गुंडाळतात की मोटार तापून बंद पडते. उन्हाळ्यात मोकळं झालेलं पाणी बघा, मासेमार सोसायटीला आधी विचारा. पाणी गढूळ असतं, म्हणून डेकवर सुटा थर्माकोलचा तुकडा लांब दोरीने बांधून ठेवा. जहाज बुडालं की तो वर येतो, दोरी ओढून जहाज काढता येतं.