भोवळ, घेरी, चक्कर : फिरणं कोणतं आणि पडणं कोणतं?

रानजाई : रुग्णाशी बोलताना डॉक्टरांनी काय विचारावं, अशा एका प्रश्नावलीचं मराठी करते आहे. 'चक्कर येते' या तक्रारीपाशी अडले. मुळात तीन वेगळे प्रश्न आहेत. आजूबाजूचं सगळं फिरतंय असं वाटतं का? शुद्ध हरपेल असं वाटतं का? चालताना तोल जातो का? मी पहिल्याला 'भोवळ' लिहिलं, दुसऱ्याला 'घेरी'. मजकूर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, नेमकं उलटं झालंय. माणूस भोवळ येऊन पडतो, आणि घेरी म्हणजे गरगरणं. मला तर भोवळ म्हटलं की भोवरा दिसतो. तुम्ही काय म्हणता?

जुनी_वही : तुमचंच बरोबर आहे. भोवळ, भोवरा, भोवणे हे एका कुळातले शब्द, मुळाशी 'भ्रम्' म्हणजे फिरणे. जुन्या छपाईत 'भोंवळ' असा अनुस्वार दिसतो, ती गळलेल्या 'म'ची खूण. 'केलेलं भोवलं' म्हणतो तेही फिरून अंगावर आलं याच अर्थाने, असं मला वाटतं. घेरी 'घेर'मधून आली, चक्कर चक्रातून. तिन्ही शब्द फिरण्याचेच आहेत. शुद्ध जाण्यासाठी 'मूर्च्छा' लिहा आणि मोकळ्या व्हा.

उंबरठा : वहीकाका, कूळ मान्य. पण दुखणं सांगताना कोणी धातू आठवून बोलत नाही. माझी आई डॉक्टरांना म्हणाली, "सकाळी उठले की भोवळ येते." त्यांनी गरगरण्याच्या गोळ्या दिल्या. दोन आठवडे घेतल्या, फरक शून्य. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "भोवळ येते म्हणजे नेमकं काय होतं, आजी?" तेव्हा ती म्हणाली, "डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय जातात." त्यांनी तिला निजवून रक्तदाब मोजला, मग उभं करून मोजला. वरचा आकडा तीसने खाली आला होता. रक्तदाबाच्या गोळीचा डोस कमी केला आणि त्रास थांबला. आईच्या बोलण्यात भोवळ म्हणजे पडायला होणं, आयुष्यभर तेच. तिचा शब्द चुकीचा कसा म्हणू?

वाटसरू : यावरून उलटंच सिद्ध होतं. शब्द सैल वापरले की औषध चुकतं. म्हणून अर्थ ठरवून द्यायला हवेत. भोवळ म्हणजे फिरणं, झीट म्हणजे शुद्ध जाणं. डॉक्टरांनाही तेच शिकवा.

उंबरठा : डॉक्टरांना शिकवाल. आईला कोण शिकवणार, आणि तिने का शिकायचं? दुखणं तिचं आहे.

कान_नाक_घसा : हा माझ्या रोजच्या कामाचा विषय, म्हणून थोडं सविस्तर. 1972 साली ड्रॅकमन आणि हार्ट यांनी या तक्रारीचे चार प्रकार मांडले : फिरणं, शुद्ध हरपेलसं वाटणं, तोल जाणं आणि नुसतंच डोकं हलकं होणं. आम्ही सगळे त्यावरच शिकलो. 2007 मध्ये न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांना हेच पर्याय दिले, आणि काही मिनिटांनी पुन्हा विचारलं. जवळजवळ निम्म्या लोकांचं उत्तर बदललं. ते खोटं बोलत नव्हते. ती जाणीवच अशी आहे की शब्दात धरता येत नाही.

म्हणून आता मी शब्दावर अडत नाही. कधी होतं, किती वेळ टिकतं, काय केल्यावर होतं, हे विचारतो. अंथरुणात कूस बदलल्यावर गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, असं म्हणाले की आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागचे हललेत का ते पाहतो. उभं राहिल्यावर होत असेल तर उंबरठा यांच्या आईसारखं. आणि अचानक सुरू होऊन सोबत बोलणं अडखळत असेल, एका बाजूची ताकद गेली असेल किंवा उभंच राहता येत नसेल, तर शब्दचर्चा बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय.

जुनी_वही : डॉक्टर, म्हणजे शब्द नकोतच? माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात 'भ्रम' या विकाराचं वर्णन आहे : अंग चाकासारखं फिरतं आणि माणूस जमिनीवर पडतो. फिरणं आणि पडणं एकाच विकारात.

उंबरठा : मग काका, तुम्हीच माझ्या आईची बाजू घेतलीत. भोवळीत दोन्ही आहे.

जुनी_वही : घेतली खरी. तरी मूळ अर्थ फिरण्याचाच.

मोगरी : मी या बाबतीत रुग्ण आहे. मला पहिल्याच भेटीत 'व्हर्टिगो' हा शब्द मिळाला. नंतर प्रत्येक डॉक्टरांपुढे मी तोच ठेवला, "मला व्हर्टिगो आहे." त्यानंतर एकानेही विचारलं नाही की तुम्हाला होतं काय. मीही सांगणं सोडून दिलं होतं. आधी मी सांगायचे की जमीन गादीसारखी दबते. ते वाक्य त्या एका शब्दाने गिळून टाकलं.

वाटसरू : म्हणूनच इंग्रजी शब्द नकोत.

मोगरी : इंग्रजी असल्यामुळे नाही, वाटसरू. 'भ्रमरोग' म्हणाले असते तरी हेच झालं असतं. शिवाय व्हर्टिगोच्या मुळाशी लॅटिन 'व्हर्टेरे', म्हणजे वळणे, फिरणे. तोही त्यांचा भोवराच.

कान_नाक_घसा : मोगरी, तुमचं 'गादीसारखी दबते' मी जसंच्या तसं कागदावर लिहिलं असतं. आमच्याकडून हे का सुटतं तेही सांगतो. 1984 च्या एका अभ्यासात डॉक्टर रुग्णाला सरासरी अठराव्या सेकंदाला मध्येच तोडत होते. 2002 च्या एका स्विस अभ्यासात डॉक्टरांनी न तोडता ऐकलं, तर रुग्ण सरासरी ब्याण्णव सेकंदांत स्वतःहून थांबले. दीड मिनिट. मी घड्याळ लावून पाहिलंय. पहिले काही दिवस गप्प बसणं फार जड गेलं.

रानजाई : हे सगळं पोचलं. पण मला परवा मजकूर द्यायचाय. पहिल्या प्रश्नात भोवळ ठेवू की घेरी?

वाटसरू : भोवळ. आणि दुसऱ्यात झीट.

उंबरठा : झीट नको! दवाखान्यात 'झीट आली' सांगितलं की 'फीट आली' ऐकलं जातं. आमच्या नात्यातल्या एका मुलाच्या कागदावर तसं लिहिलं गेलं आणि मेंदूच्या तपासण्या सुरू झाल्या. तो फक्त रांगेत उभा राहून कोसळला होता.

जुनी_वही : रानजाईताई, मी माझा आग्रह सोडतो. नाम लिहूच नका, क्रियापद लिहा. 'घर फिरतं का, की डोळ्यांपुढे अंधारतं?'

मोगरी : आणि माझी गादी?

कान_नाक_घसा : त्यासाठी यादीच्या आधी एक रिकामी ओळ ठेवा. 'काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगा.'

वाटसरू : पण 'अंधारतं' की 'अंधारून येतं'? अंधारून येतं ते आभाळ.

उंबरठा : आमच्याकडे डोळ्यांनाही अंधारून येतं.