प्रतिसाद: बंद कॅबिनेटमध्ये फोम किती भरावा?

१२ इंची स्पीकरच्या, मागून बंद गिटार कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) आवाज 'डब्यातून' येतो म्हणून आत फोम ठासून भरू नका. बास थोडा खोल जाईल, पण गिटारचा चटका मरेल. आधी फक्त मागच्या फळीला ५० मिमी पॉलिस्टर वाडिंग (रजईत भरतात तो कापसासारखा थर) लावून ऐका. नागपुरात इतवारी बाजारात रजईवाल्यांकडे विचारा. थर्माकोल आवाज शोषत नाही. आतली खोली ३० सेमी असेल तर घुमणं साधारण ५७० हर्ट्झला येतं. २५ मिमीचा थर तिथे जवळपास निरुपयोगी. मागून उघड्या कॅबिनेटमध्ये फरक किरकोळच. नागपूरच्या मे महिन्यात नुसता गोंद सुटतो, वाडिंग स्पीकरच्या कोनवर (थरथरणाऱ्या पडद्यावर) पडून खरखरते. स्टेपल माराच, आणि मॅग्नेटमागचं भोक मोकळं ठेवा, नाहीतर स्पीकरची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तापते.