मदत हवी आहे: भाच्याचं क्रिस्टल मेथचं व्यसन, बेळगाव-धारवाड भागात उपचार कुठे घ्यावेत?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहतो, बहीण खानापूर तालुक्यात. तिचा मुलगा, वय 24, गोव्यात हॉटेलात कामाला होता. तिथंच मेथ (मेंदूला उत्तेजित करणारा अमली पदार्थ) ओढायला लागला. गणपतीला आला तो वाळून काठी झालेला. रात्र रात्र झोप नाही. एका पहाटे भिंतीत कॅमेरा लपवलाय म्हणून त्यानं घरातल्या सगळ्या स्विचबोर्डांचे स्क्रू काढून ओळीनं मांडून ठेवले होते.

आता तो स्वतःच म्हणतो, "मामा, मला कुठंतर दाखव." ही वेळ हातची जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

इथल्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले, दारू सोडताना येतात तशा फिट यात सहसा येत नाहीत. पण माणूस आधी खूप झोपतो, खा-खा करतो आणि मग मनानं पार खचतो. त्या दिवसांत जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भीती असते. म्हणून आम्ही पाळीपाळीनं त्याच्या खोलीत झोपतो.

मेथ सोडवायला मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. अमेरिकेत 403 जणांवरच्या चाचणीत (2021) नाल्ट्रेक्झोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन एकत्र दिलं, तेव्हा 13.6 टक्के लोकांना गुण आला. नुसत्या दिखाऊ औषधानं (ज्यात खरं औषध नसतं) 2.5 टक्के. म्हणजे खरी मदार समुपदेशनावरच. लघवीची तपासणी स्वच्छ आली की दर वेळी छोटं बक्षीस, ही पद्धत यात सगळ्यांत चांगली ठरली आहे.

एक खाजगी केंद्र बघून आलो. बाहेरून कुलूप, डॉक्टर कायमचा नाही, तीन महिने घरच्यांनी भेटायचं नाही. तिथं पोराला ठेवायचं धाडस झालं नाही.

धारवाडच्या डिमहान्समध्ये (सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत) कुणी दाखल केलंय का? तिथं मराठीतून समुपदेशन होतं का? बहिणीला बाजारापुरतं कन्नड येतं, पण मनातलं बोलायला मराठीच लागते. बंगळूरच्या निमहान्समध्ये (तशाच मोठ्या संस्थेत) व्यसनांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पण सुट्टी झाल्यावर पुन्हा पुन्हा एवढ्या लांब कसं जमणार?

बहिणीला पोलिसांची धास्ती आहे. एनडीपीएस कायद्याचं (अमली पदार्थांविषयीच्या कायद्याचं) कलम 64अ सांगतं की अमली पदार्थाच्या कमी प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनीनं स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार पूर्ण केले, तर खटल्यातून सूट मिळते. प्रत्यक्षात कुणाला रुग्णालयात याबाबत काही त्रास झाला का?

आणि ती बक्षिसाची पद्धत बेळगाव, धारवाड, कोल्हापूरकडे कुणी डॉक्टर राबवतात का? नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरच्यांनी केली तर चालते का?