‘वॉर्म’ आवाजाला मराठीत काय म्हणाल? (‘उबदार’ सोडून)

गंगेवरचा
मंडळी, एका वाक्यात अडकलोय. नाशिकच्या कॉलेज रोडला एका मित्राकडे आम्ही चौघं महिन्यातून एकदा गाणी ऐकायला जमतो. गेल्या रविवारी दोन डॅक (सीडीतल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र) शेजारी मांडून ऐकले. एक मित्रानं घरीच जुळवलेला: फिलिप्सची १९८५ ची टीडीए १५४१ चिप, ओव्हरसॅम्पलिंग (मूळ नमुन्यांच्या मध्ये आणखी नमुने भरणं) काढून टाकलेलं. दुसरा आत्ताचा, डेल्टा-सिग्मा जातीचा. त्यावर सोसायटीच्या दिवाळी अंकाला दोन पानं लिहायला घेतली आणि पहिलंच वाक्य पडलं, “जुन्याचा आवाज उबदार, नव्याचा तेजस्वी.” आईनं कागद उचलला. “आवाज उबदार? गोधडी विकतोयस का?”

आई बारा वर्षं गाणं शिकलेली आहे. म्हणाली, गुरुजींच्या तोंडून उबदार हा शब्द एकदाही ऐकला नाही. मग काय म्हणायचे, तर “ऐकव, सांगते.” तिनं ऐकलं. पहिल्याला म्हणाली “घुमतोय”, दुसऱ्याला “टोचतोय”. पण मित्राला घुमतोय सांगितलं तर तो रागावेल, कारण घुमणं हा दोष. आणि टोचतोय म्हटलं तर ज्यानं नवा विकत घेतला तो रागावेल. तर दोष न लावता वॉर्म आणि ब्राइट कसं सांगायचं?

मात्रावृत्त
आधी शुद्धलेखन. ऊब दीर्घ, उबदार ऱ्हस्व. तुम्ही बरोबर लिहिलंय, म्हणून कौतुक.
उबदार आवाज हे सरळसरळ इंग्रजीचं कलम आहे. आवाजाला मराठी स्पर्श देते: मऊ, मुलायम, खरखरीत, धारदार. चव देते: गोड. वजन देते: वजनदार, भारदस्त. तापमान देत नाही.

खर्जातला
देत नाही कसं? गळा तापला म्हणतात ना? मैफल तापली? आमचे मामा पहिला अर्धा तास खर्जात घासायचे आणि मग म्हणायचे, “आता तापला, आता बसा समोर.”

मात्रावृत्त
तो गळा तापतो, आवाज नव्हे. इंजिन तापतं तसा. आवाजाचा पोत सांगायला कोणी “वा, काय तापलेला आवाज” म्हणत नाही.

सिडकोवाली
घुमारदार म्हणा की. घुमतोय दोष असेल, घुमारा दोष नाही. डग्ग्याला घुमारा नसेल तर डग्गा कशाला घ्यायचा? आणि ‘टोचतोय’ ला ‘खणखणीत’ म्हणा, म्हणजे विकत घेणारा खूश.

गंगेवरचा
ताई, घुमारा खालच्या सुरांचा झाला. इथे गंमत वरच्या सुरांत आहे. जुन्या डॅकवर तबल्याची चाट (कडेवरचा बोल) बोथट होते, शाई (मधल्या काळ्या भागाचा बोल) आहे तशीच राहते. खालचं काही वाढलेलं नाही.

ओहमचा_नियम
शब्द मागाहून शोधा. आधी सांगा, दोघांच्या आवाजाची पातळी जुळवली होती का? सीडी प्लेअरच्या काळापासून साध्या आरसीए तोंडातून (वायर जोडायच्या नेहमीच्या जागेतून) २ व्होल्ट काढायची रीत आहे, बॅलन्स्ड जातीच्या तोंडातून बहुधा ४. दुप्पट व्होल्ट म्हणजे ६ डेसिबल जास्त. दोन-तीन डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळतो, पण डेसिबलभराचा किंवा त्याहून कमी फरक ‘मोठा’ वाटत नाही, ‘उघडा’, ‘जिवंत’ असलं काहीतरी वाटतो. त्यातून हे सगळे शब्द जन्मतात. आकडे ०.१ डेसिबलच्या आत जुळवा, डोळ्याआड अदलाबदल करा, मग मराठीची सेवा करू.

गंगेवरचा
काका, बरोबर पकडलंत. परवा रात्री मल्टीमीटर लावला, १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून. जुना १.४, नवा २.

ओहमचा_नियम
म्हणजे ३ डेसिबल. लेख रद्द.

गंगेवरचा
थांबा. जुळवून पुन्हा ऐकलं, मित्राच्या मुलीला पडद्यामागे बसवून. फरक पुष्कळ कमी झाला, पण गेला नाही. चाट अजूनही बोथटच.

ओहमचा_नियम
मग तो ओव्हरसॅम्पलिंग काढल्याचा गुण. सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने. ते पायरीपायरीने सोडले आणि वरच्या सुरांत त्यामुळे पडणारा उतार भरून काढला नाही, तर १० किलोहर्ट्झला साधारण पाऊण डेसिबल खाली, २० ला ३ च्या थोडं पुढे. तुमच्या वयात २० ऐकू येणार नाही, पण १० च्या आसपासची चाट मऊ होईल. १९८५ चा यात काही संबंध नाही, त्या चिपचाही नाही. लिहायचं तर लिहा, “वरचे सूर किंचित उतरलेले.” आठ डॅक बदलून झालेत माझे, म्हणून सांगतोय.

सिडकोवाली
आठ डॅक बदलून झाले आणि फरक नसतो म्हणता!

तांबटआळी
वाचतोय केव्हापासून. आमचे आजोबा भांडं हातात धरून बोटानं टिचकी मारायचे. चांगलं असलं तर खणखणीत, चीर असली तर बद्द. माठ घेतानाही तेच, आणि जुन्या चांदीच्या रुपयालाही. तेव्हा तुमच्या जुन्या डॅकला खरा शब्द आहे बद्द. राग येऊ नये.

गंगेवरचा
मित्राला सांगून पाहतो. मैत्री तुटली तर तुम्ही जबाबदार.
दुसरी एक अडचण राहिली होती. इंग्रजीत ग्रेनी म्हणतात, म्हणजे आवाजात बारीक कचकच. मी ‘दाणेदार’ लिहिलं होतं.

खर्जातला
अरे देवा. दाणेदार तान म्हणजे प्रत्येक स्वर मोत्यासारखा सुटा. ती दाद आहे! तुम्ही शिवी म्हणून लिहिणार आणि गाणारी माणसं तो डॅक शोधत दुकानात जाणार. ‘कचकचीत’ लिहा. किंवा रव्याचा लाडू आठवा.

मात्रावृत्त
हेच तर मी म्हणतोय. शब्द बदलून देता येतो, त्यामागची दाद बदलून देता येत नाही. आपल्याकडे आवाजाची भाषा मैफलीतून आली, त्यांची दुकानातल्या यंत्रातून.

बंद_जवारी
मंडळी, तुमचा शब्द तंबोऱ्यात पडलाय आणि तुम्ही गोधडीत शोधताय. जवारी! घोडीवर (तारांखालच्या पट्टीवर) तार कशी टेकते, त्यावर आवाज उघडतो की मिटतो. सतारवाले सरळ म्हणतात, खुली जवारी आणि बंद जवारी. पं. रविशंकरांची खुली, उ. विलायत खाँसाहेबांची बंद. ऐकून पाहा: एकात वरचे स्वरांश किणकिणतात, दुसऱ्यात ते आत दबलेले, आवाज गोल. ब्राइट म्हणजे खुली, वॉर्म म्हणजे बंद. दोन्हींत दोष कुठलाच नाही, ज्याची त्याची आवड. मिरजेला जवारी काढायला तंबोरा दिला की कारागीर पहिलं हेच विचारतो, कशी हवी?

गंगेवरचा
हे फार आवडलं. “बंद जवारीचा डॅक.” आईला वाचून दाखवलं, तिनं मान हलवली. पण सोसायटीतल्या किती जणांना कळेल?

सिडकोवाली
कोणालाच नाही. आमच्या बी विंगमध्ये जवारी म्हणजे भाकरी.

खर्जातला
विनोद नव्हे, ज्वारीवरूनच आलाय म्हणे. तारेखाली सुताचा धागा सरकवतात तो जवाएवढा, म्हणून जवारी.

बंद_जवारी
साफ चूक. जीव-वरून. धागा सरकवला की तारेत जीव येतो. हिंदीत कोणी कोणी जीवारीही म्हणतात.

मात्रावृत्त
दोन्ही ऐकीव. कोश दाखवा.
आणि हो, मूळ शब्दाचं काय? ‘डॅक’ चालवून घेताय सगळे. अंक-नाद रूपांतरक म्हणायला काय हरकत आहे? सावरकरांचं भगूर आपल्यापासून किती लांब आहे? त्यांनी महापौर हा शब्द दिला, दिग्दर्शक दिला, सुरुवातीला त्यालाही लोक हसले असतील.

ओहमचा_नियम
त्यांनी फाउंटन पेनला झरणीही दिला होता. तुमच्या खिशात झरणी आहे का? लोक घेतात ते घेतात. नाशिकचा माणूस गोदावरीला गंगा म्हणतो. भूगोलाच्या पुस्तकानुसार ते चूक आहे, पण “गोदावरीवर जाऊन येतो” असं रविवार कारंजावर कोणी म्हणताना ऐकलंत? ही चर्चा सुरू करणाऱ्यानं नाव काय घेतलंय ते पाहा.

मात्रावृत्त
ती श्रद्धा आहे, परिभाषा नव्हे. घोळ घालू नका.

तांबटआळी
डॅकवरून आठवलं. पहिल्यांदा शब्द कानावर आला तेव्हा मला ‘डाक’ ऐकू आलं. आमच्याकडे डाक म्हणजे पोस्ट नव्हे, भांड्याचा जोड. गळकी घागर आली की डाक द्यायचा. त्या मित्रानं घरी बोर्ड जुळवला तेव्हा शंभरएक डाक दिले असतीलच की. म्हणजे मराठी शब्द आधीच आत बसलाय!

खर्जातला
डाक नव्हे, डाग. डाग देणे.

तांबटआळी
डाग कपड्याला पडतो आणि गुरांना देतात. भांड्याला डाक.

सिडकोवाली
माझे सासरे डाख म्हणायचे. ख. डाखलेलं भांडं.

बंद_जवारी
ख बरोबर असेल तर क ही बोलण्यातली झीज. भीक आणि भीख सारखं.

मात्रावृत्त
आता कुठे चर्चा रुळावर आली. क, ख आणि ग, तीनही रूपं कोणकोणत्या गावची आहेत ते प्रत्येकानं लिहा. सिन्नर आणि येवल्याकडचं कोणी आहे का?

गंगेवरचा
मंडळी, शनिवारी मजकूर द्यायचाय. उबदारच्या जागी अजून रिकामी रेघ आहे.

तांबटआळी
येवल्याला आत्या आहे. विचारून सांगतो. पण डाकच असणार.